पडताळणीवाले सर

मी आजवर एकाच माणसाला लेखी मनाई केली आहे, आणि तीही काम करण्याची. 'कामात टाळाटाळ करू नये' असं लिहून देणारे वरिष्ठ जागोजागी भेटतात. 'कृपया यापुढे काम तपासू नये' असं लिहून देणारी बहुधा मी एकटीच असेन. ज्यांना ते लिहून दिलं ते माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठे होते आणि ते काम मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी माझी ईमेल छापून घेतली, शांतपणे वाचली आणि म्हणाले, "'तपासू'चा सू दीर्घ आहे ना, तो बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे."

आमचं ऑफिस हडपसरला, एका जुन्या औद्योगिक इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली पत्र्याचे डबे व्हायचे, वर आम्ही बाराजण मॉडेलं फिरवत बसायचो. एखाद्या कारखान्यानं आपल्या यंत्राचे भाग एका सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीत काढलेले असतात. पुढे कारखाना सॉफ्टवेअर बदलतो आणि ते हजार-दोन हजार भाग नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यावे लागतात. बटण दाबलं की जातात, असं कॉलेजात वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक सॉफ्टवेअर आकार आपापल्या पद्धतीनं लक्षात ठेवतं, आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत काहीतरी सांडतं. कुठे दोन पृष्ठभागांमध्ये केसाएवढी फट पडते, कुठे गोल भोक चौदा कोनांचं होतं. ते सांडलेलं शोधून परत भरायचं, हा आमचा धंदा. आणि सर त्या विभागाचे प्रमुख.

मी अकोल्याहून आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं आणि लगेच सोडून दिलं. "या नावाच्या दोघी होऊन गेल्या. गाव कुठलं?" तेव्हापासून मी 'अकोला'. शेजारी 'बार्शी' बसायचा, खिडकीशी 'संगमनेर'. पुढे अकोल्याचीच आणखी एक मुलगी आली तेव्हा वाटलं, आता तरी माझं नाव घेतील. तिला त्यांनी 'अकोला-दोन' केलं.

सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर असायचा, जाडी-व्यास बारीक मोजायची सरकपट्टी. तो ते कशालाही लावत. खालच्या टपरीवरचा वडा महिन्याभरात चार मिलिमीटरनं लहान झाला हे त्यांनी टपरीवाल्याला गिऱ्हाइकांच्या देखत सांगितलं. टपरीवाल्यानं त्यांना वडा देणं बंद केलं. ते चहा घेऊ लागले आणि पेल्याच्या काचेची जाडी मोजू लागले.

फाइलच्या नावात कुणी 'फायनल' लिहिलं की ती फाइल परत यायची, सोबत एक ओळ: 'कशाचा शेवट?' मी एकदा चिडून 'फायनल-नक्की' असं नाव दिलं. ती फाइल छापील कागदाला जोडून माझ्या टेबलावर आली. कागदावर लिहिलं होतं, 'अभिनंदन'. बाकी काही नाही.

आणि ती वही. संगणकावर सगळी नोंद आपोआप होत असताना सरांची एक लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही होती. प्रत्येक भागाचा क्रमांक, रूपांतराआधीचं घनफळ, नंतरचं घनफळ, पृष्ठं किती, भोकं किती, तपासणाऱ्याची सही. 'होल' म्हटलेलं त्यांना चालत नसे. सकाळी आल्या आल्या सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "अकोला, काल रात्री भोकं मोजून गेलात का?" नवीन मुली पहिल्या आठवड्यात लाजायच्या, दुसऱ्या आठवड्यात वैतागायच्या आणि तिसऱ्या आठवड्यापासून मोजायच्या.

"सर, कॉम्प्युटर मोजतो ना," मी म्हणायची.

"मोजतो. सही करत नाही."

ऑफिसातून सुटका तरी व्हावी, तर ते राहायला कर्वेनगरलाच, माझ्या पेइंग गेस्टपासून दोन गल्ल्या पलीकडे. सकाळची बस एकच. मी कानात इअरफोन घालून डोळे मिटून घ्यायची. ते पाच मिनिटं थांबत, मग खांद्याला नाही, पुढच्या दांड्याला टकटक करत. "या दांड्याचा व्यास किती असेल?" मी अंदाज सांगितला की खिशातून व्हर्नियर निघायचा. भरल्या बसमध्ये, माणसं लोंबकळत असताना, हा गृहस्थ दांडा मोजतोय. एकदा एका बाईंचा हातच मोजला गेला असता. त्या म्हणाल्या, "अहो, काय चाललंय?" सर म्हणाले, "आपण हात काढलात तर दोन सेकंदांचं काम आहे." बाईंनी हात काढला. पुण्यात असं खपून जातं.

माझी भाषाही त्यांच्या तपासणीतून सुटली नाही. मी म्हटलं, "सर, करून राहिली ना मी," तर म्हणायचे, "राहिली म्हणजे करायची राहिली की करणं चालू आहे? वहीत काय लिहू?"

हे सगळं मी चार वर्षं सोसलं, कारण त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं आणि मला ते माहीत होतं. पाचव्या वर्षी चाकणच्या एका कारखान्याचं काम आलं.

तो कारखाना दवाखान्यातले पलंग बनवायचा, आणि ज्यांना स्वतःहून उठता येत नाही अशा रुग्णांना उचलायची लिफ्टही. रुग्णाला कापडी झोळीत बसवायचं, झोळीचे पट्टे वरच्या आडव्या दांड्याच्या हुकांना अडकवायचे आणि पलंगावरून खुर्चीत न्यायचं, असं ते यंत्र. एकूण अकराशे भाग नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणायचे होते. आमच्या मालकांनी आजवर एवढं मोठं काम घेतलं नव्हतं. मुदत सहा आठवड्यांची.

सरांच्या पद्धतीनं, प्रत्येक भाग उघडून, फिरवून, भोकं मोजून, सही करून गेलो असतो तर साडेतीन महिने लागले असते. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो जुन्या आणि नव्या मॉडेलचं घनफळ आपोआप ताडून बघायचा आणि फरक ठरलेल्या मर्यादेच्या आत असला की भाग पास करायचा. मर्यादेबाहेरचे तेवढेच आम्ही डोळ्यांनी बघायचे. मी तो सरांना दाखवला. खरं सांगायचं तर शाबासकीच्या अपेक्षेनं दाखवला.

त्यांनी दहा मिनिटं पाहिलं. "मर्यादा कुणी ठरवली?"

"मी. पण सर, अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही."

"कशाचा अर्धा टक्का? टोपणाचा की टाकीचा?"

"सर, सहा आठवडे आहेत आपल्याकडे."

"मग सहा आठवड्यांत जितके होतील तितके द्या."

मालकांकडे गेलो. मालक मधे बसून कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले. सर सही करायला तयार नव्हते. त्यांच्या सहीशिवाय काम बाहेर जात नसे, हा नियमही त्यांनीच केलेला. चार आठवडे हा तिढा तसाच राहिला. चाकणहून रोज फोन यायचा. मी रोज बसमध्ये त्यांच्याशेजारी बसून हडपसरला जायची आणि ते मला सीटच्या फोमची जाडी विचारायचे. त्या दिवसांत मी त्यांचा मनापासून तिरस्कार केला.

मग त्यांच्या पत्नीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सलग चार दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. "मी सही करते. पाठवू या." मालकांनी दार लोटून घेतलं, म्हणजे होकार. संध्याकाळपर्यंत अकराशे भाग चाकणला पोचले. तीन दिवसांनी तिकडून कौतुकाची ईमेल आली. त्या आठवड्यात मला विभागप्रमुख केलं आणि सरांना 'सल्लागार'.

सर परत आले. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, "केलंत का? बरं." आणि आपल्या जागेवर बसून त्यांनी भाग क्रमांक एक उघडला. मग दोन. मग तीन. पाठवून झालेलं काम ते पहिल्यापासून तपासत होते. समोर नवीन काम पडलेलं, बार्शी आणि संगमनेर माझ्याकडे बघून हसणार, आणि हे वहीत भोकं मोजताहेत. मी दोनदा तोंडी सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "आपण प्रमुख आहात. लेखी द्या."

दिलं लेखी. त्यांना वाटलं असेल मी देणार नाही. छापलेली ईमेल त्यांनी वहीत चिकटवली आणि दुसऱ्या दिवसापासून तपासणी जेवणाच्या सुट्टीत सुरू केली. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात माउस. सुट्टी त्यांची होती.

हे तीन आठवडे चाललं. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि त्यांनी दोन छापील चित्रं शेजारीशेजारी ठेवली. लिफ्टचा हूक. जुना आणि नवा.

"काय आहे सर?"

"बघा."

मला काहीच दिसेना. तेही सांगेनात. शेवटी मी वैतागून दोन्ही मॉडेलं पडद्यावर उघडली. जुन्याला शेहेचाळीस पृष्ठं, नव्याला चव्वेचाळीस. हुकाच्या आतल्या बाजूला, जिथे झोळीचा पट्टा टेकतो, तिथल्या दोन्ही कडांना जुन्या मॉडेलमध्ये गोलाई होती. नव्यात ती गळून गेली होती. कडा सरळ, धारदार. घनफळातला फरक इतका नगण्य की माझ्या प्रोग्रामनं हूक डोळे झाकून पास केला होता.

पहिली भावना रागाची होती, आणि ती स्वतःवरची नव्हती. मी मनातल्या मनात पळवाटा शोधल्या. कारखान्यात कागदी नकाशा असेल. कामगार कड घासून घेत असतील. हूक अजून बनलेच नसतील. सर तिथेच उभे होते.

मालक म्हणाले, "सुधारित फाइल पाठवून टाक. सोबत दहा-बारा इतर भागही पाठव, रूटीन अपडेट म्हणून. कशाला गाजावाजा." मी त्यांच्या केबिनमधून बाहेर आले तेव्हा हेच करायचं ठरवून आले होते. सरांना सांगितलं. मला वाटलं, आता तरी रागावतील, काहीतरी सुनावतील, म्हणजे मलाही उलट बोलता येईल. त्यांनी वही उघडली, हुकाच्या नोंदीपुढे लिहिलं, 'गिऱ्हाइकास कळवले', पुढे तारखेची आणि सहीची जागा मोकळी सोडली आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. "आपण प्रमुख आहात," म्हणाले. या खेपेला त्यात टोमणा नव्हता. ते नुसतंच खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी चाकणला फोन लावला. तिथल्या उत्पादन विभागाच्या प्रमुख एक बाई होत्या, पन्नाशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. मी सगळं सांगितलं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "साठ हूक झालेत. बारा लिफ्टना लागलेत. दोन लिफ्ट कालच एका दवाखान्यात गेल्या. तुम्ही या इकडे."

मी आणि सर गेलो. कारखान्यात हुकांचं क्रेट बाजूला काढून ठेवलं होतं. शेजारी एक कामगार उभा होता, अंगठ्याला चिकटपट्टी. त्यानं सांगितलं, "मी बोललो होतो साहेबांना, हे कापतंय म्हणून. ते म्हणले, मॉडेल तसंच हाय." सरांनी झोळीचा एक पट्टा मागून घेतला, हुकात घातला आणि भार आल्यासारखा खाली ओढून मागेपुढे करू लागले. चाळीस-पन्नास वेळा झाल्यावर त्यांनी पट्टा बाईंच्या हातात दिला. कडेचे दोरे उसवून वर आले होते.

माझ्या डोळ्यांपुढे त्या पट्ट्यावर लटकलेलं माणूस आलं, ज्याला स्वतःहून सावरता येत नाही असं.

बाईंनी माझ्यासमोरच दवाखान्यात फोन करून दोन्ही लिफ्ट वापरणं थांबवलं आणि गाडी पाठवली. मग मला म्हणाल्या, "चूक मोठी आहे. पण तुम्ही स्वतःहून सांगितलंत, हे मी वर कळवीन." काम आमच्याकडे राहणार होतं. इथे नमस्कार करून निघायचं होतं. कुणालाही कळलं असतं.

सर म्हणाले, "आलोच आहोत तर ते पलंग बघू." आणि व्हर्नियर काढून ते पलंगाच्या कठड्याकडे गेले. पुढचा पाऊण तास त्यांनी कठड्याच्या गजांमधलं अंतर मोजलं, ते दोन ठिकाणी सारखं नाही हे बाईंना दाखवलं, त्यांच्या मूळ मॉडेलमध्येच ती चूक आहे हे सांगितलं, चाकांच्या बोल्टबद्दल मत दिलं आणि निघताना त्यांच्या कँटीनच्या ताटाची खोली अपुरी असल्याचंही नोंदवलं. मी खुणा करून थकले. दुसऱ्या दिवशी बाईंची ईमेल आली. हुकांच्या कडा घासून गोल केल्या आहेत, लिफ्ट तपासून परत दिल्या आहेत, पुढचं काम सुरू करावं, आणि 'सोबत आलेल्या गृहस्थांना कृपया पुन्हा पाठवू नये.' ती ईमेलही सरांनी छापून वहीत चिकटवली. कठड्याच्या गजांचं काय झालं, ते मात्र त्यांनी लिहिलं नव्हतं. चार महिन्यांनी त्यांचं सुधारित मॉडेल आमच्याकडे रूपांतरासाठी आलं, त्यात गज सारख्या अंतरावर होते. सरांनी मला बोलावून ते दाखवलं, आणि वर विचारलं, "आता बोलावतील का?"

मी माझी मनाई मागे घेतली, तर म्हणाले, "लेखी द्या." दिली. माझ्या प्रोग्राममध्ये मी पृष्ठांची मोजणी घातली आणि ज्यावर माणसाचा भार येतो तो प्रत्येक भाग उघडून बघायचा, असा नियम केला. मला वाटलं, आता तरी समाधान होईल. ते म्हणाले, "आणि ज्यावर भार येत नाही असं तुम्हाला वाटतं, ते भाग?" सर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी दीड वर्ष, आम्ही याच प्रश्नावर भांडलो. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी चार चांगले शब्द बोलले. ते उत्तराला उभे राहिले आणि माझ्या भाषणातल्या दोन घटनांचा क्रम चुकल्याचं सांगून खाली बसले.

सुटले एकदाची, असं मला वाटलं होतं. गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी अनोळखी फोन आला. "तुम्ही अकोला का?" कसबा पेठेतले एक तांबट बोलत होते. सर निवृत्तीनंतर तिथे जाऊन तांब्याच्या भांड्यांची त्रिमितीत मॉडेलं करत होते, कुणी न सांगता. काही अडचण आली तर म्हणून त्यांनी माझा नंबर देऊन ठेवला होता. "तुमचे सर आहेत ना," तांबट म्हणाले, "त्यांना जरा समजावा. नाहीतर घेऊन जा."

गेले. अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी ठोकण्याचा आवाज. दुकानाच्या पुढच्या भागात सर एका बुटक्या स्टुलावर बसलेले, मांडीवर लॅपटॉप, पुढ्यात तीन घागरी. मला बघून 'या' किंवा 'कशा आहात' असं काही नाही.

"अकोला, या तिन्ही एकाच मापाच्या म्हणून केल्यात. एकीचाही गळा दुसरीसारखा नाही."

"हातानं केल्यात सर. फरक पडणारच."

"ते कळतं हो. पण मूळ कुठली? मी यांना विचारतो, ज्यावरून केली ती दाखवा. म्हणतात, तशी नाहीच. वडिलांनीही अशाच केल्या." त्यांनी व्हर्नियर खाली ठेवला. "मग पडताळायचं कशाशी?"

तीन आठवडे ते त्या एकाच मॉडेलवर अडले होते. आयुष्यभर ते नव्याला जुन्याशी ताडत आले, आणि इथे ताडायला जुनंच नव्हतं. त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला मी कधी पाहिला नव्हता. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी म्हटलं, "तिघींची तीन मॉडेलं करा. तिन्ही मूळच."

त्यांनी तिन्ही घागरींवरून एकदा नजर फिरवली. मग त्यांनी मधली घागर जवळ ओढली.

तांबट मला बाजूला घेऊन गेले. "रोज येतात. मी ठोकत असताना मधेच थांबवतात, इथं बारीक झालंय, तिथं जाड झालंय. चाळीस वर्षं करतोय मी हे काम. तुम्ही यांना इतकी वर्षं सहन कसं केलंत?"

"सहन कुठे केलं. रोज भांडायची."

"मग मीही भांडू?"

"भांडा की," मी म्हटलं. "फक्त ते बोट ठेवतील तिथं एकदा बघून घ्या."

तांबटांनी माझ्याकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि ते आत गेले. मी चपला घालत होते तेव्हा मला त्यांचा आवाज ऐकू आला, वैतागलेला, पण ठोकणं थांबवून काढलेला. "हां, दाखवा. कुठं म्हणताय तुम्ही?"